मेडिकलवाल्यांची ऊरथीवरील स्वारी

सकळ गुणिजन, घरोघरीचे बाप, आणि लेकींपुढे ज्यांनी हात टेकिले ऐसे समस्त थोर लोक यांचे सेवेसी विनंती ऐसीजे की, मेडिकलवाल्यांनी ऊरथी भाषेवरी स्वारी केली, ती कोणे कारणे केली, तीत चहा किती वाया गेला आणि शेवटी यश कैसे आले, हे सविस्तर लिहून ठेवावे ऐसा आमचा मनोदय जाहला. लढायांच्या हकीकती बहुतांनी लिहिल्या, परंतु जो बाप चादरींच्या कपाटात मान घालून अक्षरे गिरवितो त्याची दखल कोणी घेत नाही. ती आम्ही घेतो. लिहिण्यात कमी पडले तर घाई म्हणावी, जास्त जाहले तर आमचा स्वभाव म्हणावा.

तर खासे मेडिकलवाले यांचे ठाणे ऐसे की, खाली औषधांचे दुकान आणि वर राहते घर. माणूस सज्जन, शरीराने मध्यम, चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधणारा. यांचा एक कायदा होता आणि तो दुकानी व घरी सारखाच जारी होता, तो ऐसा की, ज्या डब्यावर लेबल नाही तो डबा उघडू नये, आणि आत काय आहे हे चाखून तर कदापि पाहू नये. या कायद्यापायी घरात साखरेपासून शिवणाच्या सुयांपर्यंत प्रत्येक डब्यावर त्यांच्या हातचे लेबल होते, आणि लेबलांच्या डब्यावरही लेबल होते.

त्यांच्या पत्नी बाईसाहेब या मोटार चालविणे शिकवीत, आणि त्यांच्या एका हाकेसरशी भल्याभल्यांचे पाय क्लचवर थरथरत. मेडिकलवाल्यांच्या वडील भगिनी आत्याबाई या टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त होऊन भावाकडे राहत. जन्मभर लोकांची बोलणी जोडून देण्यात हयात गेल्यामुळे घरातील कोणतेही बोलणे त्यांच्या कानाखेरीज पुढे जात नसे.

आणि या घरची एकुलती कन्याराजे. त्यांनी लहानपणीच ऊरथ नामे राज्य वसविले होते, गोड्या तळ्यांचे, उडत्या कासवांचे आणि बारमाही धुक्याचे. ते राज्य जमिनीवर कोठेही नाही, ते त्यांच्या खोलीच्या भिंतींवरील नकाशांत आहे. परंतु त्याची भाषा खरी होती. त्या भाषेस शब्द होते, वाक्ये होती, वळणावळणांची, आकड्यांची आणि टिंबांची लिपी होती, आणि कन्याराजे वर्षानुवर्षे एकेक शब्द तासून, घासून, पसंत पडेल तोच राज्यात दाखल करून घेत.

मग एके दिवशी पाहुणे आले आणि जेवणे उरकली आणि गप्पांस रंग चढला, तेव्हा मेडिकलवाल्यांस दुर्बुद्धी सुचली. त्यांनी कन्याराजांच्या मेजावरून ऊरथीचा एक कागद उचलून आणिला आणि नाकातून आवाज काढून वाचिल्यासारखे केले आणि म्हणाले की, आमच्या पोरीचे हे प्रिस्क्रिप्शन पाहा, यातून गोळ्या काढून देणारा मेडिकलवाला अजून जन्मास यायचा आहे. पाहुणे पोट धरून हसले. सर्वांहून मोठ्याने हसले ते खुद्द मेडिकलवाले. कन्याराजे उठल्या, कागद घेतला, खोलीत गेल्या, आणि त्या घडीपासून बापाशी बोलणे बंद जाहले.

बंद म्हणजे कैसे, तर कन्याराजे जेवावयास येत, आईशी बोलत, आत्याबाईंशी बोलत, पंखा कुरकुरला तर पंख्याशीही दोन शब्द बोलत. परंतु बापाने काही पुसिले की उत्तर ऊरथीत येई, आणि ते कोणास कळत नसे. त्यात महिनाअखेरीस त्या शिक्षणासाठी दूरच्या शहरी कूच करणार होत्या, आणि गाडीचे तिकीट फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होते. मेडिकलवाले पाण्याची बाटली काढावयास जात आणि तिकीट पाहून तहान विसरून परत येत. लेक ऐशीच निघून गेली तर मग फोनवरून काय बोलणार, हा विचार त्यांस दुकानीही सोडीत नसे. बापाचे लेकीवर फार प्रेम होते, हे येथे स्पष्टच लिहून ठेवितो, कारण त्यांनी ते स्वतः कधी सांगितले नसते.

मग खलबत बसले. बाईसाहेबांनी गाडीची किल्ली मेजावर ठेविली आणि फर्मान काढिले ते ऐसे:

“अहो, गाडी बंद पडली की आत बसून नुसता हॉर्न वाजवायचा नसतो. खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं. तिच्या भाषेची थट्टा केलीत ना? मग शिका ती भाषा. आणि तिच्याशी बोलायचं ते त्याच भाषेत.”

मेडिकलवाल्यांनी विनविले की, शिकावी कोणापासून, शिकविणारी तर एकच आणि तीच गनीम. तेव्हा आत्याबाई विणकामातून मान वर न करिता बोलिल्या, “अरे, चादरींच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय की तिने. लहानपणी ते कपाट तिच्याच खोलीत होतं. तू कधी चादर काढली असतीस तर दिसलं असतं.”

या हेरगिरीने मोहिमेस तोंड लागले. कपाट आता बोळात होते. त्याच्या दाराच्या आतल्या अंगास एक मोठा तक्ता चिकटविलेला होता, डावीकडे ऊरथी शब्द आणि उजवीकडे आपले शब्द, बालवयातील गोल गोल अक्षरांत. मेडिकलवाले दुकान मिटवून जेवणाच्या सुटीत येत आणि स्टूल मांडून, विजेरी दातांत धरून, चादरींच्या चळतीत खांदा रोवून बसत, आणि आकडे गिरवीत, आणि टिंबे मोजीत. बाईसाहेबांस चादर लागली तर त्यांस आधी नवऱ्यास बाजूस सारावे लागे. दुकानीही हेच वेड. एकदा तर घसा दुखतो म्हणून आलेल्या गिऱ्हाइकास खडीसाखरेसारख्या चघळावयाच्या गोळ्या दिल्या आणि पुडीवर कशा चघळाव्या ते ऊरथीत लिहून दिले. पुडी उलटसुलट करणाऱ्या गिऱ्हाइकास आत्याबाईंनी वरून पाहून माघारी बोलाविले, तर गिऱ्हाईक म्हणाले, “डॉक्टरांचं अक्षर वाटलं, म्हणून काही बोललो नाही.”

पहिले वाक्य रचावयाचे ठरले. मनात होते की, मला तुझ्याशी बोलावयाचे आहे. परंतु तक्ता पडला लहान मुलीचा, त्यात कासवे बहुत, तळी बहुत, धुकी तर विचारूच नये, आणि बोलणे हा शब्द काही केल्या सापडेना. मग होते त्या सामानावर काम भागविले आणि दाराखालून कागद सरकविला, त्याचा अर्थ ऐसा जाहला की, ‘धुक्यातल्या म्हाताऱ्या कासवाला राणीचे तळे पाहिजे.’

दाराखालून कागद परत आला. उत्तर नव्हते, परंतु लाल शाईने चुका काढिल्या होत्या, इतक्या की मूळ काळे थोडे आणि लाल अधिक. मेडिकलवाल्यांनी तो कागद खिशात घातला आणि दुकानी दोनदा काढून पाहिला आणि बाईसाहेबांस दाखविला की, दुरुस्त केले म्हणजे वाचिले तरी.

मग मुख्य काम. माफी मागावयाची होती. तक्ता वरपासून खालपर्यंत धुंडाळिला, माफीस शब्द नाही. तेव्हा आत्याबाईंस वकिलीवर पाठविले की, हा एक शब्द तेवढा मागून आणावा. आत्याबाई आत गेल्या, थोडा वेळ बसल्या, आणि बाहेर येऊन त्यांनी जबाब सांगितला.

“नाहीये म्हणते शब्द. ऊरथात कोणी कोणाला दुखवत नाही, म्हणून लागलाच नाही कधी.”

हे ऐकून मेडिकलवाले स्टुलावर बसून राहिले आणि खालून गिऱ्हाइकाने घंटी वाजविली ती त्यांस ऐकू आली नाही. पोरीने एक मुलूख ऐसा वसविला होता आणि आपण त्याचीच थट्टा केली, हे त्यांस त्या दिवशी पुरते कळले.

परंतु मर्द हटला नाही. मनुष्य अडला की आपल्या धंद्याकडे वळतो, तैसे ते लेबलांकडे वळिले. हातास वळण पडावे, मग वाक्य आपसूक येईल, ऐसा विचार करून, बाईसाहेब शिकाऊ मंडळींची परीक्षा देवविण्यास गेल्या असता आणि आत्याबाई डुलकी काढीत असता, त्यांनी स्वयंपाकघरावर छापा घातिला. ऊन पाण्याने सगळ्या डब्यांची जुनी लेबले सोडविली, आणि नवी ऊरथीत लिहून सरळ रेषेत चिकटविली. साखर, पीठ, सोडा यांस ऊरथीत शब्द नव्हते, तेव्हा पांढरे ते पांढरे ऐसे म्हणून त्यांस एकेक धुक्याचे नाव दिले. तक्त्यात धुकी भरपूर होती आणि सर्वांपुढे अर्थ एकच लिहिला होता, धुके. राहिला मिठाचा डबा. धुकी पुरली असती, परंतु तोवर मेडिकलवाल्यांच्या अंगात वीरश्री संचारली होती. त्यांनी आपल्याच मनाने एक शब्द पाडिला, ओलूम, आणि तो सुबक अक्षरात लिहून लाविला. परक्या राज्यात जाऊन आपले नाणे पाडावे ऐसा हा प्रकार, परंतु त्यांस त्या वेळी भान नव्हते.

दुसरे दिवशी सुटी होती. सकाळी आत्याबाई चहास उठल्या आणि फळीपुढे उभ्या राहून त्यांनी भावास हाक मारिली की, यातली साखर कोणती. मेडिकलवाले आले, चष्मा लाविला, एक लेबल वाचिले आणि म्हणाले, धुके. दुसरे वाचिले आणि म्हणाले, हेही धुके. कोणते धुके साखरेस दिले होते हे त्यांस स्वतःसच आठवेना. कपाटाकडे धावले, तक्ताही म्हणे धुके. बाईसाहेबांनी बोट ओले करून डब्यात घालू म्हणताच हे आडवे जाहले की, कायदा आहे, चाखणे नाही. इतक्यात आत्याबाईंनी अंदाजाने एका डब्यातले दोन चमचे टाकून चहा उकळिलाही, आणि सर्वांनी एकदमच घोट घेतला.

तो चहा खारट होता. बाईसाहेबांनी कप आपटिला आणि ऐसा आवाज चढविला की रस्त्यावरचा मोटारवाला थबकला.

“आत्ताच्या आत्ता लेबलं बदला! माझ्या घरात मला साखर सापडत नाही, आणि चाखायचीही चोरी! हे घर आहे की प्रयोगशाळा?”

या गदारोळाने कन्याराजे केस विंचरीत बाहेर आल्या. फळीकडे दृष्टी गेली आणि फणी केसांतच राहिली. त्यांच्या भाषेत लिहिलेली फळी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आजवर ऊरथी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापलीकडे आली नव्हती, आणि आज ती पिठाच्या डब्यावर होती, तेलाचे डाग पडलेल्या बरणीवर होती. एकेक लेबल वाचीत त्या पुढे सरकल्या. त्या मिठाच्या डब्यापाशी आल्या, थांबल्या, आणि कित्येक दिवसांत प्रथमच बापाकडे वळून सरळ बोलिल्या, “हे काय आहे?”

“मीठ,” मेडिकलवाले म्हणाले.

“ते नाही. ओलूम काय आहे? असा शब्दच नाहीये!”

“मिठाला नव्हता ना शब्द. म्हणून मी केला.”

“बाबा, ऊरथात मीठच नाहीये! सगळी तळी गोड आहेत. आणि असे मनात येईल तसे शब्द नाही करता येत.”

“तू कसे करतेस मग?”

“मी खूप विचार करते. एकेका शब्दाला कधी कधी महिना लागतो मला.”

तेव्हा मेडिकलवाल्यांनी चष्मा काढिला आणि पुसला नाही, नुसता हातात धरिला. “आणि मी एका मिनिटात हसलो त्याला,” ते म्हणाले. “चुकलं माझं. तुझ्या भाषेत लिहून द्यायचं होतं हे. शब्द शोधला खूप. तुझ्याकडे नव्हता.”

कन्याराजांनी मिठाचा डबा हातात घेतला. मग त्यांनी झाकण उघडिले, बोट बुडविले आणि सर्वांदेखत चाखिले. कायदा सर्वांसमक्ष मोडिला, आणि कायदा करणारा या वेळी आडवा गेला नाही. मग शेजारचाही डबा त्यांनी चाखिला आणि त्यावरचे लेबल वाचून त्यांस हसू फुटले.

“बाबा, ही साखर आहे. आणि तू लिहिलंयस, ज्या धुक्यात म्हातारी कासवं वाट चुकतात ते धुकं.”

“बरोबरच आहे मग ते,” बाईसाहेब म्हणाल्या, आणि त्यावर आत्याबाईंसही हसू आवरेना.

मग कन्याराजांनी कपाट उघडिले आणि चादरी बाजूस सारून तक्त्याच्या तळाशी, बालवयातील गोल अक्षरांखाली, आताच्या टोकदार अक्षरात एक नवा शब्द दाखल केला, ओलूम, आणि त्यापुढे मीठ ऐसे न लिहिता माफी ऐसे लिहिले. आणि हुकूम जाहला की, शब्द मिळाला, आता वाक्य पुरे करून द्यावे. मेडिकलवाल्यांनी स्टुलावर बसून, जीभ दातांत धरून, तीन शब्दांचे वाक्य लिहिले. कन्याराजांनी लाल पेनाने एका अक्षराचा आकडा तेवढा वर वळविला, खाली बरोबरची खूण केली, आणि चहा टाकावयास गेल्या. तो चहा गोड होता आणि मेडिकलवाल्यांनी दोन कप घेतले.

येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली ऐसे आम्ही या ठिकाणी नमूद करितो. मुलूख जिंकिला म्हणावे तर नाही, परंतु त्यात जाण्यायेण्याची परवानगी मिळाली, आणि परक्याने पाडलेले एक नाणे त्या दरबारी चालू जाहले, हा मान आजवर दुसऱ्या कोणास मिळालेला नाही. पुढे महिनाअखेर आली आणि कन्याराजांनी कूच केले. आता त्यांचा फोन येतो आणि बाप फार बोलत नाही, परंतु रोज एक वाक्य लिहून त्याचा फोटो पाठवितो, आणि तो फोटो तिकडून लाल होऊन परत येतो.

फळीवरची लेबले बाईसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतली होती, मिठाचे ओलूम तेवढे राहू दिले होते. निघण्याच्या दिवशी मात्र कन्याराजांनी मिठाच्या डब्यावरचे लेबल ऊन पाण्याने हळूच सोडविले आणि आपल्या बॅगेच्या झाकणास आतून चिकटविले, हे कोणी पाहिले नाही. संध्याकाळी मेडिकलवाल्यांस डबा बोडका दिसला. त्यांनी नवे लेबल कापिले, डब्यावर धरून पाहिले, आणि परत ठेवून दिले. या घरात आता लेबल नसलेला डबा एकच आहे, आणि त्यात मीठ आहे हे कोणास विचारावे लागत नाही.