वेगळा नंबर

दुकानाची जीएसटी नोंदणी करायची तर अर्जाला दुकानाचा फोटो लागतो. सरकारला पाटी दिसली की पुरतं. आमच्या भिकननानांना पुरत नाही. त्यांना फोटोत घरातली सगळी माणसं लागतात. "बठ्ठा या रे!" असं ते भर रस्त्यात उभं राहून ओरडतात. मग गल्ल्यावरचे आबा टोपी शोधायला लागतात, सून ओले हात पुसत बाहेर येते आणि गल्लीतला एखादा कुत्राही पुढच्या रांगेत येऊन बसतो. "नाना, याची काय गरज?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "धंदा कोन करस? पाटी करस का?"

नानांचं टेबल धुळ्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानातच आहे. भाडं म्हणून ते मला रोज सल्ले देतात. शिरपूरच्या मिरची कांडपवाल्यांपासून इथल्या पापडवाल्या अक्कांपर्यंत कितीतरी घरांचे धंदे त्यांनी नोंदवून दिले. सगळ्यांचे पासवर्ड तोंडपाठ, स्वतःच्या चष्म्याचा मात्र पत्ता नसतो. काम चोख आणि झटपट. फक्त भाऊ भाऊ वेगळे व्हायला आले की नानांना काय होतं, कोण जाणे.

सोनगीरचे आनंदा आणि प्रकाश असेच आले. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं वडिलांच्या वेळचं दुकान. धाकट्या प्रकाशला त्यातलाच अर्धा गाळा आणि स्वतःचा वेगळा जीएसटी नंबर हवा होता. जागा आनंदाच्या नावावर, म्हणून त्याचं संमतिपत्र लागणार. तेवढ्यावर नानांनी दोघांना झुलवलं. आधी सही वाकडी निघाली, मग लाइटबिल जुनं निघालं, मग फोटो अंधारा आला. दर वेळी एकच, "दोन्ही या. एकट्याचं काम नही." आणि दोघं आले की "सर्व्हर डाऊन शे, बसा" म्हणून एकाच बाकावर बसवायचं. माझं इंटरनेट तेव्हा धडधडीत चालू असायचं, पण नाना डोळे वटारायचे आणि मी गप्प बसायचो.

पहिल्यांदा दोघं दोन भिंतींकडे बघत बसले. पुढच्या खेपेला थोरल्या आनंदानं हळूच विचारलं, "मायना डोया कसा शे?" डोळ्यानं अधू झालेली आई प्रकाशकडे राहायची.

"ऑपरेशन सांगेल शे," प्रकाश म्हणाला.

नाना कीबोर्डवर काहीबाही बडवत होते, पण कान बाकाकडे होते. मला वाटलं, जमणार बहुतेक.

नाही जमलं. एका सकाळी प्रकाश एकटाच आला आणि नव्या नंबराचं प्रमाणपत्र त्यानं नानांच्या टेबलावर आपटलं. थोरल्यानं संमतिपत्र सही करून गड्याच्या हातानं पाठवलं होतं आणि जळगावच्या कुणा सल्लागारानं बाकीचं उरकून दिलं होतं. "नाना, तुम्ही नुसते हेलपाटे मारायला लावले. वय झालं तुमचं," तो म्हणाला.

नानांनी प्रमाणपत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. "चांगलं शे," एवढंच म्हणाले. प्रकाश निघून गेला.

मीच चिडलो. "नाना, का अडवत होता ते सांगायचं तरी त्याला!"

"सांगून कोन ऐकस?" नाना म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी मला सांगितलं. चाळीसगावला त्यांचं आणि थोरल्या भावाचं किराणा दुकान होतं. कशावरून तरी बिनसलं आणि दोघं तणतणत वेगळे नंबर काढायला विक्रीकर ऑफिसात गेले. साहेबानं तिथल्या तिथे सह्या करून दोघांना मोकळं केलं. नंतर भाऊ बोलला नाही, हेही बोलले नाहीत. भाऊ गेल्याचं एका गिऱ्हाइकाकडून कळलं आणि नाना पोचेपर्यंत चिता विझत आली होती. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसतो, पण त्यांना भाऊ होता हेच मला ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"सरकारी ऑफिसात साहेब कधी जागेवर सापडतो का?" नाना म्हणाले. "त्या दिवशी नेमका होता रे. नुसता जेवायला जरी गेला असता ना, तरी आम्ही दोघं बाहेर चहा प्यायला गेलो असतो."