कडेच्या खुर्चीतल्या सिस्टरबाई

आमच्या गल्लीतल्या गिरजाबाई सिस्टरइतके पिक्चर औरंगाबादेत कुणी पाहिले नसतील, आणि इतके पिक्चर अर्ध्यावर सोडलेही नसतील. बाई नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. औरंगपुऱ्याच्या आसपासची निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातून व्हायची. कुणाला कळा सुरू झाल्या की घरची माणसं दवाखान्याकडे नाही, थेट टॉकीजकडे पळायची. डोअरकीपर वर निरोप द्यायचा. मग ऑपरेटर काजळी धरलेल्या काचेवर खिळ्यानं अक्षरं कोरायचा, आणि हिरॉइन ऐन रडायला लागलेली असताना तिच्या गालावर पांढरं, वाकडंतिकडं उमटायचं : ‘सिस्टर गिरजाबाई, बाहेर या.’

पुढच्या थर्ड क्लासातून शिट्ट्या यायच्या. कुणी ओरडायचं, जा बाई, लवकर जा. बाई तोवर दारात पोचलेल्या असायच्या. त्या कायम कडेच्या खुर्चीत बसत, पायात चप्पल, मांडीवर बॅग. बसत म्हणायचं एवढंच. त्यांचा एक गुडघा सारखा हलत असे आणि त्यानं अख्खी रांग हलत असे.

लग्न होऊन मी परभणीहून इथं आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी ही बाई आमच्या दारात उभी राहिली. उंच, काटक, कपाळ मोकळं, पांढऱ्या साडीला खांद्याशी पिनेनं अडकवलेलं घड्याळ. नाव-गाव काही न विचारता म्हणाली, “पिक्चर बघती का?”

मी हो म्हटलं.

“शेवटपर्यंत बसती का, का मधीच घरी जायची घाई करती?”

मी बसते म्हटल्यावर माझी नेमणूक झाली. बाईंना सोबत नको होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर पिशोरहून शहरात आलेली ही धनगराची विधवा पोर तेव्हापासून एकटीच सगळीकडे हिंडत होती. त्यांना हवा होता शेवट सांगणारा माणूस.

आधी हे काम सत्तारचाचांकडे होतं. चाचा मूळचे सिल्लोडचे, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिलाईचं दुकान. पिक्चरचं वेड त्यांनाही जबर, पण ते बघायचे फक्त कपडे. हिरो मेला का, असं बाईंनी विचारलं की चाचा सांगायचे, मेला, पण कोट काय सुरेख होता, खांद्याला एक सळ नाही. आमच्या ह्यांना विचारावं तर ह्यांच्या फक्त मारामाऱ्या लक्षात राहायच्या. कोण कुणाला का मारतोय हे ह्यांना कधीच सांगता आलं नाही. अशा दोघांकडून शेवट गोळा करून बाई इतकी वर्षं वैतागल्या होत्या.

रविवारी सकाळी चाचांच्या दुकानाच्या फळीवर आमची बैठक भरायची. चाचा मशीनवर, हे फळीवर, मी पायरीवर. बाई मात्र गटारापासून पायरीपर्यंत येरझारा घालायच्या. मी शेवट सांगायची आणि बाई तो नामंजूर करायच्या.

एका पिक्चरमध्ये भावाचा गुन्हा अंगावर घेऊन हिरो तुरुंगात जातो. बारा वर्षांनी परत येतो, आणि म्हातारी आई त्याला हातावरच्या वणावरून ओळखते. बाई इंटरव्हलनंतर लगेच उठून गेलेल्या. मी हे सांगितलं तशा त्या गटाराशीच थांबल्या. “वण कशाला लागतोय? पोरगं कोपऱ्यावरून वळलं की आई चालीवरून वळखती. ह्ये लिहिणाऱ्याला आई हाय का नाय?”

चाचा मशीनचं चाक हातानं थांबवून म्हणाले, “बाई, आईने पहचाना तो सही ना? आपको और क्या होना?”

बाईंना पटलं नाही. त्यांनी तो शेवट दुरुस्त केला आणि पुढं गल्लीत सगळ्यांना तसाच सांगितला. एकदा तर राहिलेला पिक्चर बघायला आठवड्यानं पुन्हा गेल्या, तर टॉकीजात पिक्चरच बदललेला. बाईंनी पहिल्याचा अर्धा आणि दुसऱ्याचा अर्धा असा जोडून त्यावर मत दिलं, की पहिला हिरो बरा होता, मधीच कुठं गेला कळलं नाही, पण लग्न झालं ते चांगलं झालं.

सगळ्यात कठीण प्रसंग म्हणजे पडद्यावरचं बाळंतपण. खोलीचं दार बंद झालं आणि कुणी ‘पाणी उकळायला ठेवा’ म्हणालं की बाई मोठ्यानं विचारायच्या, “एवढं पाणी कशाला? चहा करायचाय का?” आतून नर्स बाळ घेऊन आली की आणखी पंचाईत. “ह्ये आत्ता झालेलं हाय व्हय? ह्ये तर तीन म्हैन्याचं हाय. मान धरतंय बघा.” अंधारात बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. बाई हसत नसत. त्यांना खरंच राग यायचा. डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतो, सगळे डॉक्टरकडे बघतात, आणि मागं नर्स हातात गाठोडं घेऊन उभी असते तिच्याकडे कुणी बघत नाही, असंही त्या एकदा म्हणाल्या होत्या. ते मला तेव्हा नुसतं चमत्कारिक वाटलं.

मला दिवस गेले. सातव्यापासून बाईंनी माझं टॉकीज बंद केलं, त्या लाकडी खुर्च्यांवर तीन तास बसायचं नाही म्हणून. मग बाई एकट्या जायच्या आणि संध्याकाळी येऊन मला पिक्चर सांगायच्या. चुलीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत, नुसती गोष्ट नाही, तर हिरॉइनच्या साडीचे काठ, पैंजण कुठल्या पायातलं तुटलं, म्हातारा कुठल्या हातानं काठी धरतो, सगळं. ज्या जागी उठावं लागलं तिथं त्या थांबायच्या. पुढचं चाचांना विचार, म्हणायच्या.

माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरलं. सासूबाई गावाहून येऊन राहिल्या. एका गुरुवारी दुपारी कळा सुरू झाल्या आणि हे टॉकीजकडे पळाले. बाई दहा मिनिटांत हजर झाल्या. पिक्चर सुरू होऊन नावांच्या पाट्यासुद्धा संपल्या नव्हत्या, असं ह्यांनी नंतर सांगितलं.

बाळ रडलं नाही. मला फक्त आवाज ऐकू येत होते. पाठीवर मारलेल्या चापट्या, पाण्याचा आवाज, पुन्हा चापट्या, आणि मध्येच बाईंचं, रड माय, रड की. मग तेही थांबलं. नाळ गळ्याभोवती आवळली होती. सासूबाईंनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. काही तरी गुंडाळून बाहेर गेलं. हे आणि सत्तारचाचा घेऊन गेले आणि अंधार पडायच्या आत परत आले.

त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. बघितलं की मन अडकतं, नाही बघितलं तेच बरं, असं सासूबाईंचं म्हणणं होतं आणि त्यात त्यांची माझ्यावर मायाच होती. हे तर माझ्याकडे बघतच नसत. गल्लीतल्या बायका दारावरून जाताना पावलं भरभर उचलायच्या. मुलगा होता की मुलगी हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. विचारायला तोंड उघडलं की समोरचा माणूस काही तरी कामाला उठून जायचा.

येत होत्या त्या फक्त गिरजाबाई. रोज दुपारी तीनला. दूध उतरून छाती दगडासारखी झाली होती. त्यांनी जुन्या धोतराचा पट्टा फाडून ती करकचून बांधली, रोज सोडून पुन्हा बांधत राहिल्या. हातानं काम आणि तोंडानं बडबड. मी विचारलं, पिक्चरला नाही गेलात? तर म्हणायच्या, सध्या समदे भिकार लागलेत, बघण्यासारखा एक नाय.

तीन आठवड्यांनी सत्तारचाचा दाराबाहेर उभे राहून माझी चौकशी करून गेले. जाता जाता सासूबाईंजवळ त्यांनी बाईंची तक्रार केली. इतका सुंदर पिक्चर लागलाय, लोक रांगा लावतायत, आणि बाईंना तीन हप्त्यांपासून बोलावतोय तर फळीवर यायलाही तयार नाहीत. मी आतून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या. मी म्हटलं, “बाई, पिक्चर चांगला आहे म्हणे. तुम्ही खोटं बोललात.”

“पाय उचलत नाय तिकडं,” त्या म्हणाल्या, आणि चुलीपासून दाराकडे निघाल्या.

त्यांची पाठ माझ्याकडे होती म्हणून मला विचारता आलं. “मुलगा होता की मुलगी?”

बाई थांबल्या. दार पुढं ओढून घेतलं, कडी लावली, आणि माझ्या अंथरुणाशेजारी जमिनीवर बसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना अशी मांडी घालून बसलेली पहिल्यांदाच बघत होते.

“पोरगी व्हती,” त्या म्हणाल्या. “लांबट. डोक्यावर लई केस, वल्ले, काळेभोर, मागं मानंपर्यंत आलेले. कान तुझ्या नवऱ्याचे, वरून जरा दुमडलेले. डावा जास्त. वठ तुझा. खालचा पुढं येतो ना तुझा, तसाच. नखं वाढलेली व्हती, बोटाच्या पुढं. मूठ मी उघडून बघितली, आत रेषा स्वच्छ व्हत्या. डाव्या पायाच्या घोट्याशी तांबडा डाग, ज्वारीच्या दाण्याएवढा.”

त्यांनी माझा हात धरला नाही की डोळे पुसले नाहीत. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मला झेपतंय का ते तपासत असल्यासारख्या.

“न्यायच्या आधी मी धुतली तिला. कोमट पाण्यानं. केस पुसले. सासू म्हनली, कशाला. पण माझ्या हातून तशी जात नाय कुणी.” मग म्हणाल्या, “अशी लई हायत माझ्यापाशी. जित्या लेकरांची तोंडं मी इसरते, ती समद्यांनीच बघितलेली असत्यात. ह्यांची कुणीच बघितलेली नसत्यात. आन् कुणी इचारतबी नाय. तू पयली.”

बाहेर सासूबाईंनी कडी वाजवली. बाई उठल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, “आजून सांगू?”

मी म्हटलं, सांगा.

पुढं दोन वर्षांनी मला मुलगा झाला, मग आणखी एक. दोन्ही वेळा बाईच होत्या, आणि दोन्ही वेळा बाळ आधी माझ्या हातात दिलं, मग सासूबाईंच्या. नोकरी संपल्यावर त्या पिशोरला भावाकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. मला ते चार महिन्यांनी सत्तारचाचांकडून कळलं. ह्यांना मी सगळं सांगितलं ते खूप उशिरा, मुलं कॉलेजात गेल्यावर. ऐकताना हे नकळत स्वतःच्या डाव्या कानाला हात लावत होते.

तिचा फोटो नाही, नाव नाही. केस मानेपर्यंत होते, नखं बोटांच्या पुढं आली होती, घोट्याशी ज्वारीच्या दाण्याएवढा डाग होता. एवढंच माझ्याकडे आहे, आणि ते गिरजाबाईंनी दिलेलं आहे.