दुप्पट पोच

कानिशायच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत तो हंस तांदळाच्या दाण्याएवढा होता. त्याच्या मानेभोवती पिवळा पट्टा होता, हे दिसत होतं. पट्ट्यावर अक्षरं होती, हेही कळत होतं. पण ती कोणती, ते काही केल्या वाचता येत नव्हतं. हा पक्षी हिवाळा कुठे काढून सरोवरावर आला, ते त्या अक्षरांवरूनच कळणार होतं. बरेच दिवस तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"आता चिंताच सोड!" बिश्केकहून परतलेल्या झमीरबेकनं खिशातून काचेची जाड चकती काढली. "टेलिकन्व्हर्टर! कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायचा. तुझी तीनशे मिलिमीटरची लेन्स सहाशेची! हंस मांडीवर येऊन बसेल!"

"पोच दुप्पट झाली की उजेड चौथाई उरतो," कानिशाय म्हणाली. ती नार्यनच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे. "आणि माझी लेन्स साधीच. आधीच अंधारी."

"मग उरलेला उजेड जातो कुठे?"

"जात नाही कुठे. पसरून पातळ होतो. दुधात पाणी घातल्यासारखा."

झमीरबेकनं मन लावून मान डोलावली. तो घोड्यांचा डॉक्टर होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "विचार करून सांगते." तेव्हापासून तो बिचारा तिच्याशी फक्त हवामानावर बोलत असे.

चकती बसवली आणि लेन्स वेड्यासारखी पुढे-मागे घरघरू लागली, चष्मा हरवलेल्या आजोबांसारखी! लेन्समधून येणाऱ्या एवढ्या कमी उजेडात कॅमेऱ्याला आपोआप फोकस जमेना. मागच्या पडद्यावर बघून हातानंच साधायचं ठरलं, तर डोंगरावरच्या उन्हात पडद्यावर कानिशायला दिसलं फक्त स्वतःचं नाक.

"डोक्यावरून काहीतरी पांघरायला हवं."

झमीरबेकची आई, सोनुन आपा, युर्ताच्या लोकरी तंबूबाहेर पेले विसळत होती. हे ऐकताच ती जेवताना अंथरायचं, नुकतंच धुतलेलं दस्तरखान घेऊन धावली. पांढरंशुभ्र!

"काळं नाही का काही, आपा?"

"काळ्यात भाजून निघशील, पोरी!" आपानं ते दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर घातलं आणि कपाळावर नीट सारखं केलं. झमीरबेक जवळ उभा राहून तिवई घट्ट धरून होता, कारण दुप्पट पोचीत साधा श्वाससुद्धा भूकंप होतो.

पलीकडच्या काठावर कानिशायच्या धाकट्या भावाचं, तालायचं युर्त होतं. त्याची बायको दुर्बिणीतून चुकार मेंढ्या शोधत होती. तिच्या दुर्बिणीला कसलीही जोडचकती नव्हती. तरी तिला सगळं लख्ख दिसलं. मुलाच्या आईनं मुलीच्या डोक्यावर पांढरं वस्त्र घातलं! त्या कुरणांवर हे एकदाच होतं, लग्न ठरताना. वस्त्र चढलं आणि मेंढा कापला, की मग मुलीला कुणी काही विचारत नाही.

इकडे वस्त्राच्या आत पिवळा पट्टा उन्हाच्या झळांत थरथरत हळूहळू स्पष्ट होत होता. पहिलं अक्षर उमटतंय, एवढ्यात सगळंच नाचू लागलं!

"कुणाचा घोडा येतोय? तिवई हलतेय!"

"एक घोडा नाही," झमीरबेकचा आवाज बारीक झाला होता. "सगळेच येतायत."

"एजे! ताई!" खोगिरावर आडवा मेंढा घेऊन तालाय ओरडत आला. "सख्ख्या भावाला हे दुर्बिणीतून कळावं?" त्याचे डोळे भरले होते. त्याच्या बायकोनं मुठी भरभरून शकुनाच्या गोड गोळ्या उधळल्या. एक लेन्सवर टणकन आपटली, बाकीच्या पाण्यात पडल्या. हंस उडाला!

"अगं, हे दस्तरखान आहे!" कानिशाय आतून ओरडली आणि कापड ओढू लागली.

सोनुन आपानं तिचा हात धरला. "असू दे गं! एकदा चढलेलं उतरवणं अशुभ असतं!"

"आपा, तुम्हीच तर घातलंत!"

"म्हणूनच म्हणते!"

तालायनं मेंढा खाली उतरवून सुरी काढली. कानिशायनं दोन वर्षं जपून ठेवलेलं उत्तर आता मेंढ्याच्या मानेवर ठरणार होतं.

"थांबा!"

आवाज एवढा मोठा, की घोडेसुद्धा बिचकले. झमीरबेक! "कोपऱ्यावर धुऊनही न गेलेला मुरंब्याचा डाग आहे, बघा! जेवायचं कापड आहे ते! ती हो म्हणालेली नाही. विचारलं मी, उत्तर ती देईल. आणि नाही म्हणाली, तर एकानंही तोंड वाकडं करायचं नाही. आई, तूसुद्धा!"

तालायची पकड ढिली झाली आणि मेंढ्यानं टेकडीकडे धूम ठोकली. कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे कानिशायकडे बघत होते.

तिनं कापड डोक्यावरून काढलं, घडी केली, आपाच्या हातात दिलं. मग झमीरबेककडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते, आणि तिवई त्यानं अजून सोडली नव्हती.

"तोंडं काय बघताय?" ती म्हणाली. "मेंढा पकडा आधी! मी लग्न करतेय याच्याशी."