पुढे तीव्र उतार आहे

तारीख अकरा फेब्रुवारी, शनिवार. आकाश स्वच्छ, वारा बेताचा, धुकं अजिबात नाही.

यातली शेवटची गोष्ट सावकाशरावांना सकाळी खिडकीतून दिसली आणि त्यांनी पडदा पुन्हा ओढून घेतला. धुकं असतं तर टेस्ट ड्राइव्ह पुढे ढकलता आली असती.

सावकाशराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलेलं. रस्ते खात्यात धोक्याच्या पाट्यांचा मजकूर ठरवणं हे त्यांचं काम. ‘पुढे अरुंद पूल’, ‘दरड कोसळण्याची शक्यता’, ‘थांबा, बघा, जा’. वर्षानुवर्षं माणूस दिवसभर असलं लिहीत बसला, की त्याला स्वतःच्या जिन्यावरही दरड कोसळण्याची शक्यता दिसू लागते. (त्यांच्या घरी मोरीच्या दारावर ‘फरशी ओली आहे’ अशी पाटी आहे. फरशी कोरडी असली तरी ती असते.)

त्यांच्याकडे एक जुनी छोटी गाडी होती आणि ती ते फक्त सपाट रस्त्यावर चालवत. चढावर थांबलेली गाडी पुन्हा पुढे काढायची म्हणजे ब्रेक सोडायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि त्याच वेळी क्लच अलगद उचलायचा. कामं तीन आणि पाय दोन, हा हिशेब त्यांना जन्मात जमला नव्हता. म्हणून ते उड्डाणपूल टाळून सगळ्या गावाला वळसा घालत. “पुलावर ट्रॅफिक फार,” असं घरी सांगत. या गोष्टीचा घरात कुणाला पत्ता नाही, अशी त्यांची समजूत होती.

त्यांची बायको जनावरांची डॉक्टर. नुकतीच तिची बदली डोंगरावरच्या दवाखान्यात झाली होती. जुन्या दवाखान्यात जीप होती आणि जीपला ड्रायव्हर. “ड्रायव्हर सावकाश चालवतो ना?” असं सावकाशराव रोज संध्याकाळी विचारत. “अगदी सावकाश,” असं ती रोज सांगे. नव्या दवाखान्याला मात्र जीप नव्हती. रस्ता कच्चा, बस पायथ्याशी थांबणारी. तेव्हा दणकट, चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची आणि सावकाशरावांनी तिला रोज वर सोडायचं, किंवा...

“किंवा मी तिथल्या क्वार्टरमध्ये राहते,” बायको चहा ओतता ओतता म्हणाली. “शनिवारी येत जाईन. सोमवारी हजर व्हायचंय. आज ठरवा.”

सावकाशरावांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. गॅसचं सिलिंडर त्यांच्याकडेच बघत होतं. त्याचा रेग्युलेटर बदलताना ते नेहमी बाहेरच्या खोलीत जाऊन उभे राहत. सोमवार ते शुक्रवार हे सिलिंडर आणि आपण, दोघंच!

“ठरवू की,” ते म्हणाले.

कोपऱ्यातल्या खुर्चीत सासरे बसले होते. सासऱ्यांनी उभं आयुष्य ट्रक चालवला होता आणि उरलेलं आयुष्य ते त्याबद्दल बोलत होते.

“जावईबापू, गाडी घ्यायची तर गिअरची. ऑटोमॅटिक म्हणजे पाळणा! बसा आणि झुला.”

“अगदी बरोबर,” सावकाशराव पटकन म्हणाले. “गिअर टाकल्याशिवाय गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही.”

हे वाक्य तोंडातून निसटलं कसं, हे त्यांना नंतर पुष्कळ विचार करूनही कळलं नाही.

शोरूममध्ये एकाच जातीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक गिअरची, एक ऑटोमॅटिक. दोन्ही इतक्या उंच, की आत चढायला पायरी. एवढ्या उंचावरून पडलं तर काय होईल, हा विचार त्यांनी पायरीवरच करून घेतला. शोरूमची मुलगी हसतमुख होती. ती शेजारी बसली, बायको आणि सासरे मागे.

“आधी मॅन्युअल ना सर? समोरच्या पुलावरून एक चक्कर मारू.”

“पुलावर ट्रॅफिक फार असतं,” सावकाशराव म्हणाले.

“मग तर गाडीची खरी परीक्षा होईल!”

पुलावर, बरोब्बर चढाच्या मध्यावर, पुढची रांग थांबली. सावकाशरावांनी आरशात पाहिलं. मागे एक टेम्पो येऊन चिकटला होता. टेम्पोत माणसाच्या उंचीच्या काचा उभ्या रचलेल्या आणि प्रत्येक काचेत ही गाडी दिसत होती. म्हणजे एक गाडी नव्हे, मागे घसरायला तयार असलेला गाड्यांचा अख्खा ताफा.

रांग हलली. त्यांनी क्लच सोडला. गाडीने एक उचकी दिली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा उचकी, आणि आता गाडी मागे निघाली.

“हाफ क्लच! हाफ क्लच!” सासरे ओरडले.

“कुठला हाफ?” सावकाशराव त्याहून मोठ्याने ओरडले. टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. काचांमधला ताफा मोठा मोठा होत गेला. त्यांनी डोळे मिटले. उद्याच्या पेपरातली बातमी मिटल्या डोळ्यांपुढे आली, आणि तिच्यातही त्यांना शुद्धलेखनाची एक चूक दिसली.

शोरूमच्या मुलीने शांतपणे हँडब्रेक ओढला.

“मॅन्युअल काही वाईट नाही हं सर,” ती म्हणाली, “पण आपण ऑटोमॅटिकही बघू या.”

सासरे फक्त हसले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

ऑटोमॅटिकमध्ये क्लच नव्हताच. ब्रेक चांगला हातभर रुंद, शेजारी ॲक्सिलरेटर, बस. “डावा पाय विसरून जायचा, सर,” मुलगी म्हणाली. बायकोने गाडी थेट डोंगराच्या रस्त्याला घ्यायला लावली. “जिथे रोज जायचं तिथेच बघू.”

आणि काय सांगावं! खडी, खड्डे, चढ, वळण. गाडी काही न विचारता वर चढत गेली. वाटेत थांबवली, पुन्हा निघाली, एक इंच मागे नाही. सावकाशरावांची मान हळूहळू ताठ झाली. दवाखान्यापाशी गाडी वळवताना तर ते चक्क शीळ घालत होते. खालचा रस्ता लांबून एखाद्या पडलेल्या दोरीसारखा दिसत होता, पण तिकडे त्यांनी पाहिलं नाही.

“जावईबापू, पाळणा झकास हलतोय,” सासरे म्हणाले.

“मामा, जमाना बदलला,” सावकाशराव म्हणाले आणि उताराला लागले.

पहिल्या वळणानंतर डाव्या हाताला दरी उघडली. कठडा नाही. आणि समोर एक पिवळी पाटी.

‘पुढे तीव्र उतार आहे. लहान गिअर वापरा.’

पाटी त्यांचीच होती. ‘वापरा’ घ्यावं की ‘टाका’, यावर ऑफिसात तीन दिवस वाद घालून त्यांनी ती मंजूर करून घेतली होती. दुसऱ्या कुणाची असती तर कदाचित ते पुढे गेले असते. पण हा त्यांचा स्वतःचा हुकूम होता, आणि तो मोडायची त्यांची छाती नव्हती. लहान गिअर! हात दांड्याकडे गेला आणि विसरून जायला सांगितलेला डावा पाय होती नव्हती तेवढ्या ताकदीने क्लचवर आदळला.

क्लच नव्हता. तिथे हातभर रुंद ब्रेक होता.

गाडी जागच्या जागी खिळली. सासऱ्यांचा चष्मा पुढे येऊन सावकाशरावांच्या मांडीवर पडला. पट्टे नसते तर पाठोपाठ सासरेही आले असते. पुढच्या चाकाखालचा एक दगड सुटला आणि दरीत गेला. तो तळाशी पोचल्याचा आवाज ऐकू येईल म्हणून सगळे थांबले. आवाज आलाच नाही.

“सर, ब्रेक हळूच सोडा.”

“सोडला की गाडी जाईल.”

“मी पार्किंगला टाकलीय. हँडब्रेकही लावलाय. नाही जाणार.”

“तो दगडही नव्हता जाणार,” सावकाशराव म्हणाले. त्यांचा पाय ब्रेकवरून हलत नव्हता. क्वार्टर, सिलिंडर, एकट्याचं जेवण, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तरी हलला नाही. “तू राहा गं क्वार्टरमध्ये,” ते मागे न बघता म्हणाले. “मला नाही जमायचं. मी... मी पूलसुद्धा टाळतो.”

“माहितीये,” बायको म्हणाली. “सगळ्या कॉलनीला माहितीये.”

ती उतरली, डोंगराच्या बाजूने फिरून आली आणि तिने त्यांचं दार उघडलं. गाईचा खूर बघताना घालते तसा तिने त्यांच्या गुडघ्यामागे हात घातला. “हो... हो... हो...” असं गोठ्यातल्या आवाजात म्हणत तिने पाय उचलला. पाय आला.

“आता उतरा. पलीकडे बसा.”

“आणि चालवणार कोण?”

“मी.”

“तू? तुला कुठे...” सावकाशरावांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे चष्मा पुसण्यात गढून गेले होते. ट्रक चालवणाऱ्या माणसाने पोटच्या पोरीला काय शिकवलं असेल, हा विचार लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना आज पहिल्यांदा सुचला.

“मग तो जीपचा ड्रायव्हर?”

“मीच. अगदी सावकाश चालवते.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर रोज संध्याकाळपर्यंत खिडकीत उभे राहिला असता. ऑफिसही बुडवलं असतं. म्हटलं, घाट एकदा स्वतः चालवून बघा, मग मी चालवलेला परवडेल तुम्हाला.”

शोरूमची मुलगी मागे सासऱ्यांशेजारी गेली. बायकोने सीट पुढे घेतली, आरसा वळवला, दांडा हलवून गाडी खरोखरच लहान गिअरात घेतली आणि पाटीचा मान राखत घाट उतरली. सावकाशरावांनी डोळे मिटले होते.

शोरूममध्ये मुलीने विचारलं, “मग मॅडम, मॅन्युअल की ऑटोमॅटिक?”

“गिअरची घे,” सासरे म्हणाले. “तुला हाताला सवय आहे.”

“ऑटोमॅटिक,” बायको म्हणाली. “एक हात मोकळा राहतो.”

“मोकळा कशाला?”

“यांचा धरायला.”

सोमवारी ती वेळेवर हजर झाली. सावकाशरावांनी ऑफिसात अर्ज देऊन डोंगराच्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्यांची पाहणी स्वतःकडे मागून घेतली आणि ते रोज तिच्या शेजारी बसून वर जाऊ लागले.

गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला गेली. ब्रेक ठीक, टायर ठीक, इंजिन ठीक. चालकाशेजारच्या सीटपुढची रबरी मॅट बदलावी लागली. तिला दोन भोकं पडली होती, एक ब्रेकच्या जागी आणि एक क्लचच्या.