चार वाजताची गुळणी

यंत्र हाताळावं तर मीच! हे माझं मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसलो तर जन्म निघून जाईल. तर त्या सोमवारी पाण्यावर चालणारं, सोन्याचे सांधे झाळायचं मशीन आमच्या सोनारीच्या दुकानात आलं, आणि त्याची माहितीपुस्तिका मी न उघडताच कपाटावर भिरकावून दिली.

"अहो, निदान पहिलं पान तरी वाचा," बायको म्हणाली.

"पहिलं पान भित्र्या लोकांसाठी असतं!"

मशीन होतं मात्र झकास. टाकीत डिस्टिल्ड पाणी घालायचं, त्यात थोडा दाहक क्षार, आणि खटका दाबायचा. वीज पाण्याचे दोन वायू करते, ते नळीतून येतात आणि सुईएवढ्या तोंडातून जळतात. सिलिंडर नको, काजळी नको. ज्योत इतकी फिकट की पेटली आहे की नाही हे बोट घातल्यावरच कळावं. मला दोनदा कळलं.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. पंचेचाळीस वर्षं त्यांनी तोंडाने फुंकणी फुंकून सोनं झाळलं आणि आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी झोपेतच गेले. माझं सगळं काम त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी शिकवलं हे खरं. मी किती शिकलो, हा घरातला जुना वाद आहे.

मशीन ठेवायला विजेच्या बटणाजवळ एकच जागा होती. सासऱ्यांचं बुटकं स्टूल. तिथेच ठेवलं. सासूबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या.

सगळ्यांवर छाप पाडायला मी ऐटीत खटका दाबला. आधी नुसतीच घरघर. मग आतून आवाज आला.

गुळ… गुळगुळ… गुळगुळगुळ…

बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "बाबा!" ती पुटपुटली.

सांगायला हवं, सासऱ्यांचा घसा धुराने पार गेला होता. रोज दुपारी चारच्या ठोक्याला सासूबाई पेल्यात कोमट मिठाचं पाणी घेऊन खाली यायच्या आणि सासरे त्या स्टुलावर बसून दुकान दणाणेल अशा गुळण्या करायचे. शेजारचा घड्याळजी त्यावर गिऱ्हाइकांची घड्याळं लावायचा.

"गॅसचे बुडबुडे आहेत ते," मी हसून म्हटलं. हसलो एकटाच.

सासूबाई हळूहळू जिना उतरून आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी एक अंगठी काढली. सासऱ्यांनी स्वतः घडवलेली, जाडजूड, एका बाजूला हातोडीचा छोटासा पोचा असलेली.

"ह्यांची आहे. माझ्या बोटात राहत नाही. मापाची करून द्याल? रविवारी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. घालावी म्हणते."

"पाच मिनिटांचं काम!" मी छाती पुढे काढून म्हटलं. "उद्या घ्या!"

माझ्या जिभेला हाड नाही हे बायको नेहमी म्हणते.

मंगळवारी सकाळी पाणी घालायला गेलो. टाकीच्या काचनळीवर दोन लाल रेघा आहेत. पाणी त्यांच्या मधे राहायला हवं. काल दिवसभर मशीन चालवलं होतं, म्हणजे पाणी उतरायला हवं होतं. ते जागच्या जागी! मी खूश. बायकोला हाक मारून दाखवलं, "बघ! थेंबभर पाणी पीत नाही!"

"मग जळतंय काय?" तिने विचारलं.

बायकांना कौतुक म्हणून करता येत नाही.

बुधवारी पाणी वरच्या रेघेच्याही वर गेलं. मी झाकण तपासलं, टाकीखाली वाकून बघितलं, छताकडे बघितलं. छत कोरडं होतं. मशीनवाल्याला फोन लावला.

"मशीनमधलं पाणी वाढतंय."

"कमी होतंय म्हणा."

"वाढतंय!"

 मग तो म्हणाला, "साहेब, मी बारा वर्षं ही मशीनं विकतोय. पाणी वाढवणारं मशीन मी अजून पाहिलेलं नाही. ते जिथे ठेवलंय ती जागा कशी आहे?"

मी फोन ठेवला. जागेचं नाव काढायची काय गरज होती त्याला?

गुरुवारी गोष्ट हाताबाहेर गेली. सकाळी मशीन अगदी शहाण्यासारखं चालायचं. दुपारी जेवून मी वर घटकाभर आडवा व्हायचो आणि चारला खाली येऊन खटका दाबायचो. त्या दिवशी दाबला, आणि गुळगुळ सुरू झाली ती साधी नव्हे. आधी लांब गुळणी, मग घशाच्या तळातून खाकरा, आणि शेवटी नळीच्या तोंडातून एक थेंब सुटून थेट माझ्या कपाळावर.

थू!

सासरेही शेवटी असेच थुंकायचे. फक्त मोरीत.

 मग वास आला. ब्लीचिंग पावडरसारखा, पण मला तो वेगळ्या नात्याने ओळखीचा होता. सासऱ्यांची कवळी रात्रभर ज्या वाटीत भिजायची, त्या वाटीचा वास! आणि स्टुलाशेजारच्या फळीवर, जिथे त्यांचा पेला टेकलेला असायचा बरोब्बर तिथे, पेल्याच्या बुडाएवढं ओलं वर्तुळ होतं. मी बोट लावून पाहिलं. पाणी अजून कोमट होतं.

तेवढ्यात दार उघडून घड्याळजी आत आला. हातात तीन घड्याळं, चेहरा पांढराफटक.

"चार वाजले ना?" तो म्हणाला.

"वाजले."

"मी घड्याळं लावली," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. "आवाज ऐकला आणि सवयीने लावली हो! मग आठवलं की मास्तर तर… तुम्ही ते मशीन त्यांच्या जागेवर ठेवलंत?"

"बटण जवळ आहे म्हणून!"

"त्यांना कुठे ठाऊक बटणासाठी ठेवलंत ते?" घड्याळजी म्हणाला. मी कपाळावरचा थेंब पुसला.

शुक्रवारी अंगठी करायलाच हवी होती. सासूबाई रोज एकदा जिन्यातून डोकवायच्या, काही विचारायच्या नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर परवडलं असतं. सकाळ गिऱ्हाइकांत गेली, म्हणून मी जीव मुठीत धरून चारलाच बसलो. अंगठी कापली, इवलासा तुकडा काढला, टोकं जुळवली, सांधा स्वच्छ राहावा म्हणून टाकणखार लावला, वितळून सांधा धरणारी झाळ ठेवली आणि ज्योत जवळ नेली.

ज्योत फिकट निळी असायची. ती पिवळी झाली! पिवळी, फुरफुरणारी, मधूनच थबकणारी, जणू आतून कुणीतरी दम खात होतं. अंगठी लाल होऊ लागली. मी पुटपुटलो, "बाबा, पाच मिनिटं सांभाळून घ्या."

गुळगुळगुळ… खर्र… थू!

थेंब तापलेल्या अंगठीवर पडला. चर्रकन आवाज झाला, सांधा उघडला, झाळ गोळी होऊन घरंगळली आणि अंगठी काळीठिक्कर पडली. तुम्हाला काय सांगू, मला रडूच फुटलं. त्या माणसाने आपल्या हाताने घडवलेली एकच वस्तू त्या बाईकडे उरली होती, आणि तिचा मी कोळसा केला होता. अंगठी फडक्यात गुंडाळून मी खणाच्या तळाशी लपवली.

"झाली का हो?" बायकोने वर विचारलं.

"पॉलिश राहिलंय," मी म्हटलं.

शनिवारी मी ठरवलं, जे काही येतं ते दुपारी येतं, तेव्हा आज झोपायचं नाही. घड्याळजीला सोबत घेतलं. तो यायला तयार नव्हता. घरी एकटं बसून आवाज ऐकण्यापेक्षा सोबत बरी, म्हणून आला. पावणेचारला आम्ही दुकानाच्या मागच्या पडद्याआड उभे राहिलो. बाहेर रस्ता सामसूम. आत घड्याळजीच्या खिशातली टिकटिक आणि माझे दात, एवढंच ऐकू येत होतं.

जिन्याची वरची पायरी करकरली. मग दुसरी. कुणीतरी एकेका पायरीवर थांबत, जपून उतरत होतं. सासरे असेच उतरायचे, गुडघ्यांमुळे. घड्याळजीने माझा हात धरला, मी त्याचा धरला.

पडद्याच्या फटीतून आधी पेला दिसला. वाफ येणारा. मग पेला धरणारा हात, मग पदर.

सासूबाई!

त्यांनी पेला फळीवर टेकवला, मशीनचं झाकण सराईतपणे फिरवून काढलं आणि हळूहळू पाणी ओतलं.  त्या टाकीत कातडी भाजणारा क्षार असतो, आणि ही बाई त्यात मिठाचं पाणी ओतत होती, रोज! मिठामुळे तो वास, मिठामुळे ती पिवळी ज्योत, आणि टाकी तुडुंब भरल्यामुळे फेस येऊन तो खाकरा आणि ती थुंकी! सगळं एका पेल्यातलं.

मी पुढे होणार, तोच त्या बोलू लागल्या. मशीनशी.

"कोमटच आहे, भाजायचं नाही. सावकाश घ्या." झाकण लावून त्या समोरच्या पाटावर टेकल्या. "जावई मन लावून करतात हो. हात काही तुमच्यासारखा नाही, पण ते त्यांना सांगायचं नसतं." थोडं थांबल्या. "अंगठी अजून दिली नाही त्यांनी. उद्या रविवार. विचारायचा धीर होत नाही. बिघडली असेल का हो?"

पडद्यामागे मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि त्याच क्षणी घड्याळजीच्या खिशातलं घड्याळ चारचा गजर करत केकाटलं!

सासूबाई किंचाळल्या, पेला खणखणत पडला, घड्याळजी पडद्यासकट माझ्या अंगावर आला आणि आम्ही दोघं त्यांच्या पायाशी जाऊन पडलो. बायको जिन्यावरून धावत आली ती हातात लाटणं घेऊन.

"आई," मी पडद्यातून डोकं काढत म्हटलं, "हे मशीन आहे!"

"ठाऊक आहे मला!" त्या कडाडल्या. "डोकं ठिकाणावर आहे माझं! पण तसा आवाज आला की पेला भरल्याशिवाय राहवतं का? आठ महिने चार वाजले की मी पाणी कोमट करायची आणि पेला हातात घेऊन ओट्याशी नुसती उभी राहायची. द्यायचा कुणाला?"

 घड्याळजी जोरजोरात नाक शिंकरत होता. मी उठलो, खण उघडला आणि ते फडकं त्यांच्या हातात दिलं.

"माझ्या हातून बिघडली, आई."

त्यांनी काळी अंगठी उजेडात धरून बघितली. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "सोनं आहे. ते कुठे जातंय! फुंकणी काढा."

पंचेचाळीस वर्षं त्या नवऱ्याला दिवा धरत आल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. मी अंगठी घासून साफ केली, सांधा जुळवला. त्यांनी दिव्याची वात सारखी केली. "फुंका. गाल फुगवा! मेणबत्ती विझवताय का? नाकाने घ्या, तोंडाने सोडा. अजून… अजून… थांबा!" झाळ चकाकून सांध्यातून पळाली. मला एकट्याला ते 'थांबा' कधीच वेळेवर सुचलं नसतं.

रविवारी सासूबाईंच्या बोटात अंगठी होती, पोच्यासकट. मी हातमोजे घालून मशीनची टाकी उपसली, तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुतली, नवा क्षार भरला, झाकणाला कुलूप घातलं. मग कपाटावरची पुस्तिका काढून पहिलं पान वाचलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: "टाकीत डिस्टिल्ड पाणी आणि सोबतचा क्षार यांखेरीज काहीही घालू नये. झाकण घरातल्या इतर कुणाच्या हाती लागू देऊ नये."

चार वाजले. खटका दाबला. मशीनची नुसती बारीक गुळगुळ, ना खाकरा, ना थू. ज्योत फिकट निळी. जिन्याची पायरी करकरली. सासूबाई पेला घेऊन आल्या होत्या. त्यांनी कुलपाकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

माझ्याने ते बघवेना. मी म्हटलं, "आणा इकडे."

तेव्हापासून रोज चारला, घसा ठणठणीत असताना, मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो. भिंतीपलीकडे घड्याळजी एकही घड्याळ लावत नाही. सासूबाई मात्र मान तिरपी करून शेवटपर्यंत ऐकतात, मी थुंकल्यावर पेला परत घेतात आणि जिना चढता चढता बायकोला सांगतात, "प्रयत्न करतात बिचारे. पण मशीनला छान जमायचं."