हितं पाणी कुठवर येतं?

आमची पद्माआत्या संग्रहालयात शिरली की तलवारी बघत नाही, तोफा बघत नाही. आधी दारावरच्या पहारेकऱ्याला गाठते आणि विचारते, "आवं दादा, हितं पाणी कुठवर येतं?"

पहारेकऱ्याला वाटतं, म्हातारीला तहान लागली. तो कोपऱ्यातला कूलर दाखवतो. "पियाचं न्हवं वो, पुराचं!" असं म्हणून आत्या भिंतीला तळहात लावते, ओल लागते का बघते आणि मान हलवते. मान कशी हलली यावर त्या संग्रहालयाचा निकाल लागतो.

आत्या सांगलीची, नदीकाठच्या गावभागातली. आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. महापुरात पाणी तिच्या माळ्यापर्यंत चढलं होतं. तेव्हापासून जगातल्या यच्चयावत गोष्टींचे तिनं दोनच गट केले आहेत: भिजणाऱ्या आणि न भिजणाऱ्या. पितळी डबा न भिजणारा, टीव्ही भिजणारा. माझ्या बायकोला, स्नेहलला, सर्दी फार होते. तिला दोन शिंका आल्या की आत्या हळहळते, "तुझी बायकू भिजणाऱ्यातली हाय रं, सुकुमार."

यंदा मे महिन्यात आम्ही ठाण्याहून तिच्याकडं गेलो. मी, स्नेहल आणि सहा वर्षांची पिहू. दोन दिवस सांगली, मग महाबळेश्वर, असा बेत. तिथल्या हॉटेलात पोहायचा तलाव होता आणि पिहूनं त्यासाठी फुगवायचं बदक आणलं होतं. ते बदक सबंध सुट्टीत पिशवीबाहेर आलं नाही.

"पोरीला म्युझियम दावूया," आत्या पहिल्याच सकाळी म्हणाली. "पोरास्नी जुनं दावावं."

पहिलं संग्रहालय जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतं. तापलेल्या पायरीवर आम्ही वर्तमानपत्र अंथरून बसलो. दार उघडलं, तिकिटं काढली, आत्यानं भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "भित फुगलीया. हितं न्हाई जमायचं. चला." पिहू अजून पहिल्याच मूर्तीचे हात मोजत होती. तिला उचलून बाहेर आणावं लागलं. दुसऱ्या ठिकाणी तर आत्या रिक्षातून उतरलीच नाही. "हे माझ्या घरापेक्षा खाली हाय," एवढंच म्हणाली आणि रिक्षा वळवायला लावली.

संध्याकाळी आम्ही दिवस मावळायच्या आत जेवून घेतलं. आमच्या जैन घरातला हा नियम आता एकटी आत्याच पाळते, आणि तिच्या घरी तो सगळ्यांनाच पाळावा लागतो. शेवटचा घास होतो न होतो तोच तिनं विचारलं, "उंचावरचं कुठं हाय का रं म्युझियम?"

कंटाळून मी म्हणालो, "सातारा आहे की उंचावर."

दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत ती गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. मांडीवर पिशवी. "महाबळेश्वरच्या वाटंवरच तर हाय सातारा," म्हणाली. हे खरंच होतं. फक्त आत्याला परत सांगलीला कोण सोडणार, हा प्रश्न नकाशात कुठं बसत नव्हता. स्नेहलनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि हॉटेलला फोन लावला.

साताऱ्याच्या संग्रहालयाच्या दारात माजी सैनिक होता, पिळदार मिशांचा. आत्याचा प्रश्न ऐकून त्यानं छाती फुगवली. "आज्जी, ह्यो सातारा हाय. हितं पानी आलं तर समदा मुलूख बुडाला म्हनून समजा!"

आत्याची मान पहिल्यांदाच उभी हलली.

आणि मग तिनं चक्क संग्रहालय बघितलं. वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात एक जुना जरीचा अंगरखा होता. त्याच्यापुढं ती खिळून उभी राहिली. ह्याला कसर लागत न्हाई? डांबरगोळ्या घालता का? कुलपाची किल्ली कुनाकडं असती? तो माजी सैनिक सावधानमध्ये उभा राहून उत्तरं देत होता. पिहूनं आजीचा पदर ओढला. "आजी, तू हे विकत घेणार आहेस?"

"न्हाई गं बाळा," आत्या म्हणाली, "शेजार बघतीया."

तिथून ती थेट कार्यालयात गेली. टेबलामागं एक तरुण बाई बसल्या होत्या. आत्यानं पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी, तिच्यातून तिसरी. शेवटी एक झबलं निघालं. तळहाताएवढं. कधीकाळी पांढरं असावं, आता चिखलाच्या रंगाचं.

"हे ठिवून घ्या. काचंत नगं. मागं कुठंतरी कपाटात, पर त्या अंगरख्याच्या खोलीत."

"कुणाचं आहे हे, आजी?"

"माझ्या लेकीचं."

आत्याला मुलगी झाली होती हे आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. माझ्या वडिलांनीसुद्धा नाही, आणि ते तर तिचे सख्खे भाऊ.

बाईंनी झबलं हातात घेतलं नाही, पण त्या उठून उभ्या राहिल्या. "आजी, इथं फक्त ऐतिहासिक वस्तू घेतात हो."

"किती जुनं झालं म्हंजी ऐतिहासिक हुतंय?"

"शंभर वर्षं तरी."

"आगं बया! मग मला लय जगाया लागंल," आत्या म्हणाली आणि हसली. एकटीच.

मला राहवेना. "आत्या, मी ठेवतो. आमचं घर आठव्या मजल्यावर आहे. तिथं कुठलं पाणी येतंय?"

"तू ठेवशील रं. तुझ्यामागं? कुनीतरी फडकं समजून गाडी पुसंल."

असं म्हणून तिनं झबलं परत एकात एक तिन्ही पिशव्यांत घातलं.

महाबळेश्वर राहिलं; मी गाडी परत सांगलीकडं वळवली. कराड मागं पडल्यावर पिहूनं विचारलं, "आजी, तुझ्या बाळाचं नाव काय होतं?"

"नाव ठेवायचंच ऱ्हायलं. बारशाच्या आदीच गेली. फोटूबी न्हाई." आत्या समोर रस्त्याकडं बघत बोलत होती. "एवढं झबलंच तेवढं हाय तिचं. पुराच्या गाळात घावलं. किती डाव धुतलं, चिखुल जाईना."

"मग आता ठेवूया की नाव."

"नगं बाळा," आत्या म्हणाली. "नाव ठिवलं की हाक मारावीशी वाटती."

सांगलीत पोचलो. दारात उभी राहून आत्या कनवटीची किल्ली काढू लागली. हातातली पिशवी आड येत होती, म्हणून तिनं ती पिहूकडं दिली. पिहूनं आतलं झबलं हळूच बाहेर काढलं, डाव्या कोपरावर घेतलं आणि उजवा हात खालून लावला, मान सांभाळायला लावतात तसा. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

कुलूप उघडलं. आत्या वळली आणि बघत राहिली. दार सताड उघडं होतं, आम्ही सगळे बाहेर उभे होतो, आणि झबलं परत घ्यायला तिचा हात काही पुढं होईना.