अण्णांच्या पायांतले व्होल्ट

आमच्या स्टुडिओत नव्या कॅमेऱ्याने कामाला लागण्याआधी जुन्या फ्लॅशच्या पायांवर डोकं ठेवायचं असतं, आणि गेल्या महिन्यात एक कॅमेरा नमस्कार करतानाच गेला.

फ्लॅशला आम्ही अण्णा म्हणतो. वडिलांच्या वेळचे ते, त्यामुळे कॅमेरा गेल्याचं त्यांना सांगायला कोणी धजलं नाही. दुरुस्तीला पाठवलाय, असं सांगून मोकळे झालो. वडीलधाऱ्यांशी खोटं बोलायची आमच्या घरात पद्धतच आहे, तिला आम्ही काळजी म्हणतो.

परवा दुसरा कॅमेरा आला. खोक्यातून निघताच अण्णा कुठे बसतात म्हणून विचारू लागला. माझी बहीण वृंदा त्याच्याआधी मीटर घेऊन अण्णांकडे गेली. तळपायाला टोकं लावली आणि तिचा चेहराच उतरला.

"दोनशे चाळीस व्होल्ट," ती म्हणाली. "या नव्या कॅमेऱ्याला सहाच्या वर सोसत नाहीत. त्याच्या पुस्तिकेतच लिहिलंय."

"आमच्या वेळी एवढे सगळ्यांनाच असायचे," अण्णा म्हणाले. "कोणाला काही झालं नाही."

"तेव्हाच्या कॅमेऱ्यांच्या डोक्यात साध्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या, अण्णा. यांच्या डोक्यात नाजूक सर्किट असतं."

"मग मागचा?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. वृंदाने सांगून टाकलं.

अण्णांचा लाल दिवा विझला. ते म्हणाले, "तो गप्प झाला तेव्हा मला वाटलं, भारावलाय. मी त्याला औक्षवंत हो म्हणालो होतो."

मला स्वतःची फार लाज वाटली.

तोडगा वृंदानेच काढला. कॅमेऱ्यावर नवा छोटा फ्लॅश बसवायचा. अण्णांनी लांब कोपऱ्यात स्टँडवर उभं राहायचं, पायाशी सेन्सर, आणि छोटा चमकलेला दिसला की आपणही चमकायचं. मध्ये वायरसुद्धा नाही. कॅमेरा मात्र अडून बसला, नमस्कार केल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. तो पुढे सरकला तसे अण्णांनी पाय पोटाशी ओढून घेतले.

"तिथूनच कर," ते म्हणाले.

काल लग्नाचं पहिलं काम झालं. फोटो उत्तम आले, कॅमेरा धडधाकट. शेवटी नवरानवरी एकेका वडीलधाऱ्याच्या पाया पडत कोपऱ्यापर्यंत आली, तेव्हा अण्णा स्टँडसकट मागे सरकले.

"शेखर," ते हळूच म्हणाले, "माणसांना किती सोसतात रे?"

मला माहीत नव्हतं. वृंदाला विचारून सांगतो म्हणालो, आणि तोवर नवरानवरीला हात जोडून तिथेच थांबायला सांगितलं.